न पडता मोडलेला मणका



पाठीत उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाला बोलावतात आणि पाठीवरून त्याचा पाय फिरवून घेतात. आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाईंनाही तेच केलं. भरलेली कळशी उचलताना त्यांच्या पाठीत कळ आली होती. महिनाभर शेक झाला, लेप झाला. शेवटी एक्स-रे काढला, तर मणका चेपलेला! "अगं, पण मी पडले कुठं?" हा आजींचा प्रश्न. तो आम्हालाही पडला, म्हणून आम्ही थोडी शोधाशोध केली.

हाडं आतून विरळ होतात, त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हा शब्द एकोणिसाव्या शतकात स्ट्रासबर्गच्या लोबस्टाइन या डॉक्टरांनी दिला. पण जिवंत माणसाचं हाड बघायची सोय झाली ती 1895 साली एक्स-रेचा शोध लागल्यावर. तोवर बाईच्या पाठीला पोक आलं की वय झालं, एवढंच म्हणायचं. (आपण अजूनही तेच म्हणतो.)

1941 मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या फुलर अल्ब्राइट यांनी आपले 42 रुग्ण तपासून लिहिलं, की त्यातल्या 40 जणी पाळी गेलेल्या बायका आहेत. पाळी जाते तसं अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडांची झीज वाढते. मग ते बाहेरून द्यायला सुरुवात झाली. पुढे 2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात या गोळ्यांनी हाडं कमी मोडली खरी, पण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढलेला दिसला. तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला.

मोडलेल्या मणक्याला मात्र बरीच वर्षं पट्टा आणि अंथरूण एवढाच उपाय होता. पडून पडून हाड आणखी झिजतं, हे उशिरा उमगलं. 1984 मध्ये फ्रान्समधल्या आमियाँ गावी डॉक्टरांनी एका बाईच्या मानेच्या मणक्यात सुईनं सिमेंट भरलं. घराचं सिमेंट नव्हे हो, हाडांसाठीचं वेगळं! तिच्या मणक्यात रक्तवाहिन्यांची गाठ होती. पण पुढे ठिसूळ मणक्यांसाठीही हीच रीत जगभर पसरली.

मग 2009 साली दोन अभ्यास एकदमच छापून आले. मिळून दोनशेच्या वर रुग्ण. काहींना खरं सिमेंट भरलं. बाकीच्यांना भुलीचं इंजेक्शन दिलं, पाठीवर दाबलं, सिमेंटचा वासही येऊ दिला, पण भरलं काहीच नाही. आपल्या वाट्याला काय आलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुखणं दोन्हीकडे जवळजवळ सारखंच कमी झालं. इतक्या कळा सोसताना अशा प्रयोगाला तयार झालेल्या त्या माणसांचं आम्हाला फार कौतुक वाटलं. वाद मिटला नाही. 2016 च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात ताज्या, फार दुखणाऱ्या मणक्यांना फायदा दिसला. 2018 च्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात दिसला नाही. म्हणून आज सिमेंट सरसकट भरत नाहीत. बहुतेकींचं दुखणं वेदनाशामक औषध, थोडी विश्रांती आणि लवकर सुरू केलेलं चालणं यांवर काही आठवड्यांत उतरतं.

पण दुखणं थांबलं की सगळे विसरतात, आणि घोटाळा तिथंच होतो. एक मणका चेपला की दुसरा चेपायचा धोका वाढतो. 1996 साली अलेंड्रोनेट या गोळीचा अभ्यास झाला, तो मणका आधीच मोडलेल्या 2027 बायकांवर. त्यांच्यात नवे मणके मोडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. बहुधा आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास चहा नाही आणि आडवं पडणं नाही.

पायातली शक्ती गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा पाठदुखीबरोबर ताप येऊ लागला, तर मात्र थांबू नका, दवाखाना गाठा. मणक्याला क्षयही होतो.

आमच्या त्या आजी आता बाजाराच्या दिवशी गोळी घेतात, म्हणजे वार चुकत नाही. लुगडं दोन वर्षांपासून जमिनीला लोळायला लागलं होतं, हे त्यांना आता आठवतं. उंची कमी होत होती, आणि आम्ही सगळ्या म्हणत होतो, आजी, जरा वर खोचा.