एक जून

आपल्या महाराष्ट्रात मत द्यायला १८ वर्षं पुरतात, मुलाला लग्नाला २१ लागतात, आणि व्हिस्कीला २५. बिअर २१ ला मिळते. म्हणजे बायको आधी, क्वार्टर नंतर. :)

हे लक्षात यायचं कारण म्हणजे पुण्यातल्या एका वाईन शॉपवाल्याने मला परवा कार्ड मागितलं. माझं वय अठ्ठावीस, पण दाढी अजून मनावर घेत नाही. मला राग वगैरे आला नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला ज्या गाडीने दोघांना उडवलं, ती चालवणारा पोरगा अठराचासुद्धा नव्हता, आणि त्याआधी त्याला दारू मिळाली होती. गेलेले दोघेही आयटीवाले, चोवीस वर्षांचे. वय न तपासता दारू दिली म्हणून बारवाल्यांना अटक झाली. त्यानंतर काउंटरवर कोणी कार्ड मागितलं तर मी मुकाट्याने काढून देतो.

पण मग हा पंचवीसचा आकडा आला कुठून म्हणून शोधत बसलो. आपल्याकडचा कायदा मुळात दारू विकण्याचा नाहीच, तो दारूबंदीचा आहे! मुंबई शहरात पहिली दारूबंदी १९३९ मध्ये आली. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्याचा बराचसा भाग उचलून धरला. प्यायची असेल तर तब्येतीच्या कारणाने परवाना काढायचा. साठच्या दशकापासून दोर सैल होत गेला, पण कायदा तोच राहिला. म्हणून बारच्या पाटीवर अजून 'परमिट रूम' लिहिलेलं असतं, आणि पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना नावाची गंमत कागदावर तरी जिवंत आहे. म्हणजे काउंटरवरचा माणूस कायद्याच्या भाषेत तुम्हाला बंदीतून सूट देत असतो. सूट मागणाऱ्याने पुरावा द्यायचा, हे ओघानं आलंच.

आता माझा खरा प्रश्न. पुरावा म्हणजे काय?

माझ्याकडे बारामतीच्या दवाखान्यातला जन्मदाखला आहे, वेळेसकट. आमच्या अण्णांकडे नाही. त्यांची जन्मतारीख १ जून १९७१. शेजारच्या काकांची १ जून, अण्णांच्या दोन चुलतभावांची १ जून. जळोचीतच कशाला, महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात त्या पिढीच्या चार माणसांना विचारून बघा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागायची. पोराला घेऊन आलेल्या बाईला तारीख माहीत नसायची, मग गुरुजी हिशोब करून १ जून टाकायचे. त्याआधी एक तपासणी असे. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोरगं शाळेत बसायच्या वयाचं झालं! जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण कायदा असणं वेगळं आणि घरी बाळंत झालेल्या बाईच्या पोराची नोंद कोणीतरी जाऊन करणं वेगळं.

आज्जीचं कॅलेंडर दुसरं आहे. "दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, तवा तुझा बाप दोन म्हैन्यांचा व्हता." म्हणजे १९७२ चा दुष्काळ. हिशोब केला तर अण्णा साधारण १९७२ च्या शेवटी जन्मले. कागदावर ते दीड वर्षाने मोठे आहेत. लवकर शाळेत बसले, लवकर मॅट्रिक झाले, लवकर पाटबंधारे खात्यात क्लार्क म्हणून चिकटले. तेव्हा हा सगळा फायदाच वाटला असणार.

त्याचं बिल आता येतंय. सरकारी नोकरीत जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. म्हणून दरवर्षी ३१ मे ला राज्यात निरोप समारंभांचा पूर येतो. आजच्या ५८ च्या नियमाने अण्णांचा नंबर ३१ मे २०२९ ला. दीड वर्षाचा पगार एका शाईच्या फटकाऱ्यात गेला. सर्व्हिस बुकातली तारीख बदलायला नोकरीच्या सुरुवातीच्या काही वर्षांतच अर्ज करावा लागतो, आणि तेव्हा बावीस वर्षांच्या माणसाला रिटायरमेंटची काळजी कुठली? शिवाय जोडणार काय? आज्जीची सुकडी?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका अपघात भरपाईच्या खटल्यात सांगितलं की आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही, वय ठरवायला शाळा सोडल्याचा दाखला धरावा. कायद्याच्या दृष्टीने बरोबरच असेल. पण वाचताना मला तो कान धरणारा हात दिसला.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी मात्र जन्मदाखलाच शाळाप्रवेशापासून सगळीकडे चालणार आहे. गुरुजींचं पेन तिथे थांबलं.

आज्जी शाळेतच गेली नाही, त्यामुळे तिच्याकडे १ जूनसुद्धा नाही. आधारवर फक्त साल आहे, १९४८, आणि तेही कॅम्पमधल्या पोराने अंदाजाने टाकलेलं. एसटीत पंच्याहत्तरीनंतर तिकीट लागत नाही. कंडक्टरने विचारलं की ती कनवटीची पिशवी सोडून कार्ड काढते, आणि बारामती ते इंदापूर फुकट जाऊन येते.