बर्क, बेगमा आणि रिवाज

‘परंपरावादी’ हा शब्द मराठीत बहुधा दुसऱ्यासाठीच वापरला जातो. आपल्या समाजाच्या वाट्याला तर तो इतक्यांदा आला आहे की, त्यामागे एक राजकीय विचार आहे, त्याला सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात आपसांत भांडणारे प्रवाह आहेत, हे आम्हीही विसरून जातो. मौलवी परंपरावादी, शंकराचार्य परंपरावादी आणि इंग्लंडचा हुजूर पक्षही परंपरावादीच. सगळ्यांना एकाच पोत्यात कोंबले की विचार करण्याची गरज उरत नाही. हे पोते सोडून पाहावे, असे आम्हांला वाटते.

या विचाराचा मूळ पुरुष म्हणून एडमंड बर्कचे नाव घेतात. तो १७२९ साली डब्लिनला जन्मला. वडील प्रोटेस्टंट, आई कॅथलिक. कॅथलिकांना मालमत्तेपासून आणि अधिकारापासून दूर ठेवणारे कायदे त्याने घरच्या नात्यांतच पाहिले होते. १७९० साली त्याने फ्रेंच राज्यक्रांतीवर कडाडून टीका करणारा ग्रंथ लिहिला. त्याचा गाभा असा : समाज म्हणजे एका पिढीने बसून केलेला करार नव्हे, त्यात पूर्वजांचा आणि अजून न जन्मलेल्यांचाही हिस्सा आहे. एकट्या माणसाची अक्कल तोकडी असते, म्हणून कैक पिढ्यांच्या अनुभवातून घडलेले रिवाज आणि संस्था एका फटक्यात मोडू नयेत. हक्क कागदावर रचलेले नकोत, वारशाने आलेले हवेत. पण ज्या राज्याला स्वतःत बदल करता येत नाही त्याला टिकूनही राहता येत नाही, हेही त्याच ग्रंथात आहे. त्याचे चाहते हे कलम सोयीने गाळतात.

आपल्या वाचकांना बर्कची दुसरी बाजू अधिक जवळची वाटेल. फ्रान्सवर लिहिण्याच्या दोन वर्षे आधी, फेब्रुवारी १७८८ मध्ये, तो वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये वॉरन हेस्टिंग्जविरुद्ध फिर्यादी म्हणून उभा होता. आरोपांमध्ये एक होता फैजाबादच्या बेगमांचा. अवधचे नवाब आसफुद्दौला यांची आई आणि आजी, या त्या बेगमा. त्यांच्या मालमत्तेला हात लागणार नाही, अशी हमी कंपनीने १७७५ साली दिली होती. १७८२ च्या आरंभी कंपनीच्याच फौजेच्या धाकाने त्यांचा खजिना काढून घेतला गेला. त्यांच्या ख्वाजासरांना कैद करून बेड्या घातल्या गेल्या.

पूर्वेकडे राज्यकर्ता मनमानीच करतो, तीच तिथली रीत, असा हेस्टिंग्जच्या बाजूचा बचाव होता. बर्कने तो धुडकावला. देश बदलला म्हणून नीती बदलत नाही, असे त्याने बजावले. पुढे जाऊन तो म्हणाला की मुसलमान बादशहा शरीयतीने बांधलेला असतो, तिच्या वर नसतो. त्यासाठी त्याने कुरआनचा आणि तैमूरच्या नावावर असलेल्या नियमावलीचाही हवाला दिला. (तैमूरने लुटलेल्या दिल्लीकरांना हे ऐकून काय वाटले असते, कोण जाणे!) लंडनच्या उमरावांसमोर कोणी इस्लामी कायद्याला कायदा म्हणावे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. खटला सात वर्षे रेंगाळला आणि १७९५ साली हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.

गंमत अशी की, हेस्टिंग्जही स्वतःला परंपरेचा राखणदारच समजत होता. लग्न, वारसा वगैरे बाबतींत मुसलमानांना कुरआनचा आणि हिंदूंना शास्त्रांचा कायदा लावावा, हे त्याच्या १७७२ च्या योजनेतले कलम. कलकत्त्याचा मदरसा त्याने १७८० साली काढला. बाराव्या शतकातल्या मर्गीनानींच्या ‘हिदाया’चे इंग्रजी भाषांतर त्याच्याच प्रोत्साहनाने सुरू झाले आणि १७९१ साली छापले गेले. हेतू राखण्याचा होता, हे आम्ही मान्य करतो. पण मुफ्ती फतवा देताना काळ, गाव, समोरचा माणूस पाहतो, फिकहच्या इतर ग्रंथांचाही धांडोळा घेतो. गोऱ्या न्यायाधीशाच्या हातात मात्र एक छापील पुस्तक आले. १८६४ साली कोर्टांतले काजी आणि मुफ्तीही काढून टाकण्यात आले. वाहती गोष्ट राखता राखता गोठून गेली.

युरोपातही या विचाराला असेच फाटे फुटले. सव्हॉयचा जोसेफ द मेस्त्र क्रांतीचा शत्रूच, पण त्याला बर्कची सावध सुधारणा पुरेशी नव्हती. त्याला पोपची निर्विवाद सत्ता हवी होती. इंग्लंडात डिझरायलीने २७ जुलै १८५७ रोजी पार्लमेंटात सांगितले की हिंदुस्थानातला उठाव काडतुसांमुळे झालेला नाही, लोकांच्या धर्मात आणि मालमत्तेत केलेल्या ढवळाढवळीमुळे झाला आहे. तोच डिझरायली पुढे, १८७६ साली, राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी करून मोकळा झाला.

आमच्या मुंबई इलाख्यात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जुनी घडी शक्य तितकी तशीच ठेवण्याचे धोरण धरले. त्याच्या कारकिर्दीत १८२७ साली जो कायदा झाला त्यात क्रम असा होता : आधी सरकारी कायदा, तो नसेल तर मुलखाचा रिवाज, आणि रिवाजही नसेल तर प्रतिवादीच्या धर्माचा कायदा. बंगालात किताब पुढे, मुंबईत रिवाज पुढे. दोघेही परंपरा राखत होते, फक्त दोघांची परंपरा वेगवेगळी होती.

हा १८२७ चा कायदा मुंबई शहराबाहेरच्या मुलखासाठी होता. शहरात सुप्रीम कोर्ट होते. पण वारा तोच होता. १८४७ साली खोजा आणि मेमन घराण्यांतल्या मुलींनी त्या कोर्टात कुरआनने दिलेला हिस्सा मागितला. समोरच्या बाजूने सांगितले की आमच्या जमातींत मुलींना वारसा नाही. लग्न होईपर्यंत पोटगी आणि लग्नाचा खर्च, एवढेच. सर अर्स्किन पेरी यांनी रिवाज उचलून धरला. बर्कच्या तराजूत तोलले तर हा निकाल चोख ठरतो. पिढ्यानपिढ्या चालत आलेले त्यांनी मोडले नाही. आणि मुली रित्या हाताने घरी गेल्या. बर्कची सगळी शिकवण आम्हांला पटत नाही ती इथे. रिवाजात पूर्वजांचे शहाणपण साठते हे खरे. त्यात पूर्वजांचा मतलबही साठतो.

नव्वद वर्षांनी, १९३७ साली, शरीयत कायदा आला तो याच रिवाजाविरुद्ध. त्याला जमियतुल उलेमाचा पाठिंबा होता आणि मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी रिवाजाचा निषेध केला होता, असे विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच नमूद आहे. उलेमा आणि स्त्रिया एका बाजूला, रिवाज दुसऱ्या बाजूला. आज ज्यांना हा कायदा जुनाट वाटतो त्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. शेतजमीन मात्र त्यातून वगळली गेली. मुलीचा हिस्सा घरात चालेल, शेतात नाही! बडे जमीनदार रिवाजाच्या बाजूचे होते, यात नवल नाही.

याच सुमारास थानाभवनच्या मौलाना अशरफ अली थानवींपुढे एक बिकट प्रश्न आला होता. ‘बहिश्ती जेवर’ लिहिणाऱ्या थानवींना कोणी सुधारक म्हणणार नाही. हनफी फिकहप्रमाणे बेपत्ता नवऱ्याच्या बायकोला जवळजवळ जन्मभर वाट पाहावी लागे. जाचाला कंटाळून काही स्त्रिया इस्लाम सोडल्याचे जाहीर करून निकाह तोडून घेत होत्या. थानवींनी मदीनेच्या मालिकी मुफ्तींशी पत्रव्यवहार केला आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अल हीलतुन नाजिझा’ हा ग्रंथ तयार केला. मालिकी मजहबाच्या आधारे त्यात स्त्रीला वाट काढून दिली होती. १९३९ च्या विवाहविच्छेद कायद्याला त्या ग्रंथाने पाया दिला. कायद्यातले पहिलेच कारण आहे, नवऱ्याचा ठावठिकाणा चार वर्षे नसणे. निकाल मुसलमान न्यायाधीशानेच द्यावा, ही उलेमांची अट मात्र कायदेमंडळात गळाली. उलेमा नाराज झाले. अर्ज घेऊन कोर्टात जाणाऱ्या बाईला समोरचा न्यायाधीश कोण, याची फारशी फिकीर नसावी.