निनावी प्रश्नकर्ता

मराठीतील समलिंगी अस्मितेचा विचार समीक्षा बहुधा विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकापासून सुरू करते. वाङ्मयीन दृष्टीने हा आरंभ सोयीचा असला, तरी इतिहासाच्या दृष्टीने तो उशिराचा आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७–१९५३) मासिकात वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली जात. हस्तमैथुन आणि समसंभोग यांविषयीच्या अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक प्रश्नांची चर्चा म्हणजे अश्लीलता नव्हे, ही त्यांची भूमिका न्यायालयाने मानली नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

आंबेडकरांचे वास्तव्य दीर्घकाळ परळच्या चाळीत होते. काळाचौकी त्याच गिरणगावातली. तेव्हाच्या मुंबईत स्त्रिया पुरुषांच्या निम्म्याहून थोड्याच अधिक होत्या. पाळीप्रमाणे एकाच खोलीत आळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार, बायकापोरे गावी: या व्यवस्थेत पुरुषांचे साहचर्य खटकण्याजोगे नव्हते. दडपण होते ते लग्नाचे, आणि ते कोकणातून वा घाटावरून ठरून येई. लग्न झालेला माणूस संसारी ठरला की पुढची चौकशी संपे. गिरणगावाच्या वाङ्मयात हा पुरुष वेगळा दिसत नाही, याचे एक कारण मला हेच वाटते. (नीतिमत्तेचा धाक हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे.)

‘समाजस्वास्थ्य’चा प्रश्नकर्ता मात्र संसारी पुरुषाच्या मुखवट्याआडून बोलू शकत होता. त्याच्यापाशी स्वतःसाठी नाव नव्हते, शंका होती. खटल्यात शिक्षा उत्तर देणाऱ्याला झाली. तो पडद्याआडच राहिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. लग्नाची सक्ती त्या कलमाच्या कक्षेत कधीच नव्हती. म्हणून त्या सदरातील प्रश्न आता लग्नाच्या संदर्भात पुन्हा वाचावे लागतील.