वॉर्ड नसलेल्यांचा वॉर्ड

कम्युनिटी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचं शिकण्याचं वातावरण हा विषय तुम्ही प्रबंधासाठी घेतलात, तर सीएलईएस नावाची प्रश्नावली लवकरच तुमच्या हाती पडेल. फिनलंडमध्ये तयार झालेली, २००२ साली प्रसिद्ध झालेली, आणि चांगलीही. पण वापरण्याआधी तिच्यातले प्रश्न एकदा नीट वाचा. वॉर्डातलं वातावरण कसं आहे, वॉर्डप्रमुखाची कामाची पद्धत कशी आहे... आता घरोघरी फिरणाऱ्या विद्यार्थिनीचा वॉर्ड कुठला, सांगा बघू!

ही अडचण बरीच जुनी आहे. १८५९ मध्ये लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी वारली. तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन या नर्सला त्यांनी पगार देऊन तीन महिने शहरातल्या गरिबांच्या घरी पाठवलं. महिनाभरातच ती रडत परत आली. हे हाल बघवत नाहीत, मला मोकळं करा, म्हणाली. रॅथबोननी तिची समजूत घातली आणि ती टिकली.

मला वाटतं, तिचं कौशल्य कमी पडलं नव्हतं. हॉस्पिटलात काही अडलं तर शेजारच्या खाटेपाशी कुणीतरी असतं. इथे अंधारी खोली, स्वच्छ चादर नाही, आणि काय करायचं ते एकटीनेच ठरवायचं.

रॅथबोनना अशा आणखी नर्सेस हव्या होत्या, पण तयार माणसंच मिळेनात. त्यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेलना विचारलं. तुमच्याच इन्फर्मरीत शिकवून तयार करा, असा सल्ला मिळाला. तशी शाळा निघाली, पुढे शहराचे १८ विभाग पडले. तरी हॉस्पिटलात शिकून घरात काम जमतंच असं नाही, हा प्रश्न राहिलाच.

त्याला खरं उत्तर लंडनमध्ये मिळालं, असं माझं मत. १८७४ मध्ये तिथे जी संस्था निघाली तिच्या पहिल्या सुपरिंटेंडेंट फ्लॉरेन्स लीस. त्यांनी ब्लूम्सबरीत मध्यवर्ती निवास चालवला. नर्सेस दिवसभर वस्तीत, संध्याकाळी एका छताखाली. घरातल्या कामाचं प्रशिक्षण वेगळं, हॉस्पिटलच्या प्रशिक्षणानंतर. १८७६ मध्ये नाइटिंगेलनी 'द टाइम्स'ला लिहिलेल्या पत्रातही अशा निवासाचा आग्रह आहे. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिली निधीतले ७०,००० पौंड या कामाला मिळाले आणि ही घडी देशभर पसरली.

आता लगेच टाळ्या वाजवू नका. मेरीच्या रडण्याची गोष्ट आपल्यापर्यंत येते ती रॅथबोन यांच्याकडून, म्हणजे पगार देणाऱ्याकडून. आणि लीसबाईंना या कामासाठी सुशिक्षित, वरच्या थरातल्या स्त्रियाच हव्या होत्या. त्यामुळे निवास म्हणजे आधार होता तशी शिस्तीची नजरही होती. कुणाला तिथे मोकळेपणाने शिकता आलं आणि कुणाला गप्प बसावं लागलं, हे संस्थेच्या अहवालावरून कळणार नाही. आजच्या प्लेसमेंटच्या अहवालांचंही तेच आहे.

म्हणून प्रश्नावलीत 'वॉर्ड' खोडून 'समुदाय' लिहिलं की काम झालं, असं समजू नका. गाइडना ते चालेलही कदाचित. पण त्याआधी दोन-चार विद्यार्थिनींना साधं विचारा: पहिल्या गृहभेटीला तुझ्याबरोबर कोण होतं? आणि फेरी संपल्यावर तू कुठे बसलीस, कुणाशी बोललीस?