भिंतीवरचे लाकूड

वाडा म्हटला की डोळ्यांपुढे प्रथम दगडी जोते आणि दिंडी दरवाजा उभा राहतो. परंतु वाड्याला घरपण देणारी वस्तू म्हणजे त्याचे लाकूड. इंदूरच्या राजवाड्याचे सात मजले पाहा. खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. भार दगडाने पेलायचा आणि राहणाऱ्याला ऊब व सावली लाकडाने द्यायची, असा तो जुना हिशेब होता. १७३० साली पायाभरणी झालेल्या शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातून सागवान आणले गेले. मराठी सरदार व त्यांचे कारभारी उत्तरेकडे आणि गुजरातेत गेले तेव्हा बांधकामाची ही रीतही त्यांच्यामागोमाग गेली. बडोद्याचा तांबेकर वाडा हे तिचे एकोणिसाव्या शतकातील उत्तम उदाहरण आहे.

एक भेद मात्र ध्यानात ठेवायला हवा. संपूर्ण भिंत फळ्यांनी मढवण्याची पद्धत मूळची आपली नव्हे. आपल्याकडे लाकूड असे ते खांब, तुळया, महिरपी, फडताळे आणि छताची तक्तपोशी यांत. भिंत चुन्याचीच राही. थंड इंग्लंडमध्ये पंधराव्या-सोळाव्या शतकांत गार दगडी भिंतींना ओक लाकडाचे अस्तर लावण्याची चाल रूढ झाली. पुढे इंग्रजी अमदानीत ती वकिलांच्या कचेऱ्यांत आणि सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत उतरली. आपल्या जुन्या घरांत आज या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

त्या इंग्रजी सुतारांनी एक मोठी गोष्ट ओळखली होती. लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते व उन्हाळ्यात आकसते; लांबीत मात्र जवळपास बदलत नाही. म्हणून त्यांनी रुंद फळी खिळ्यांनी जखडली नाही. चौकटीला खाचा पाडल्या आणि फळी त्यांत सैल बसवली. फळीला हलायला जागा मिळाली, त्यामुळे ती फुटली नाही. आपल्या जुन्या दारांतही हेच तत्त्व दिसते.

अस्तर बसवताना पहिली अट अशी की लाकूड वाळलेले असावे आणि ज्या खोलीत लावायचे तिथल्या हवेशी ते काही दिवस परिचित झालेले असावे. दुसरी अट अशी की भिंत कोरडी असावी. भिंतीवर आधी पट्ट्या ठोकून त्यांवर फळ्या बसवल्या की मागे हवा खेळती राहते. खालच्या कडेलाही जमिनीपासून थोडे अंतर हवे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. बाहेरच्या फिकट, कोवळ्या थराला मात्र ती सोडत नाही.

आमच्या घरी एकदा उलट झाले. एका उत्साही कंत्राटदाराने दिवाणखान्याची चुन्याची भिंत सिमेंटने लिंपली आणि तिला चिकटवून फळ्या ठोकल्या. चुना ओल शोषून पुन्हा हवेत सोडतो. सिमेंटने ती वाट बंद केली. दोन पावसाळ्यांत फळ्यांच्या मागे बुरशी धरली आणि कुबट वास सुटला, तेव्हा आम्हांला उमगले, की भिंतीलाही श्वास लागतो.

जोपासना सोपी आहे, पण ती नेमाने करावी लागते. रोज कोरडे मऊ फडके पुरे. पाणी ओतू नये. तेलाने राखलेले लाकूड रुक्ष दिसू लागले की बेलतेलाचा पातळ हात द्यावा आणि वरचे तेल लगेच पुसून टाकावे. ती तेलकट फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना तापते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात भिजवाव्यात किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात. भिंतीवर मातीची रेघ दिसली तर ती वाळवी होय, आणि फळीखाली बारीक भुकटी पडली तर भुंगा. दोन्ही चिन्हे दिसताच उपाय करावा.

आगीचा धोका तर इतिहासानेच शिकवला आहे. शनिवारवाडा १८२८ साली जळाला. पुण्याच्या विश्रामबागवाड्याला १८७९ साली आगीची झळ लागली. इंदूरचा राजवाडा १९८४ च्या दंगलीत होरपळला. त्याचा दर्शनी भाग टिकला आणि पुढे २००६-०७ च्या सुमारास मागील भागाची पुनर्बांधणी झाली. म्हणून लाकडामागून गेलेल्या जुन्या विजेच्या तारा आधी तपासून घ्याव्यात. उंदराने कुरतडलेली एक तार शंभर वर्षांचे काम एका रात्रीत संपवू शकते.

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरांतील कोरीव खांब आणि महिरपी जुन्या वस्तूंचे व्यापारी उचलून नेत आहेत. नाइलाज असेल तिथे बोल कुणाला लावावा? पण पुष्कळदा निरोप दिला जातो तो केवळ जोपासना अवघड वाटते म्हणून. ती अवघड नाही. वर्षातून चार दिवसांची मेहनत आहे. ज्या खांबाला टेकून आजोबांनी पहिल्यांदा परमुलखातील पाऊस पाहिला, त्याला आपण एवढे तरी देणे लागतो.