लिव्हरपूलच्या चार गल्ल्या आणि विनोबांची कल्पना

टर्नर पुरस्कार हा ब्रिटनमधला समकालीन कलेचा सर्वांत गाजणारा पुरस्कार. २०१५ साली तो लंडनच्या ‘असेम्बल’ या तरुण गटाला मिळाला तेव्हा कलाजगतात बरीच कुजबुज झाली. या मंडळींनी ना चित्रं काढली होती, ना शिल्पं घडवली होती. लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागातली दहा पडीक घरं ते तिथल्या रहिवाशांसोबत दुरुस्त करत होते.

बातम्यांमध्ये नाव असेम्बलचं आलं. पण ही घरं उभी राहिली होती ती त्याआधी वीस वर्षं हटून बसलेल्या शेजाऱ्यांमुळे. आणि ती ओस का पडली, हे समजून घ्यायचं तर आधी बंदराकडे जावं लागतं.

भरती

लिव्हरपूल मर्सी नदीच्या मुखाशी आहे. इथे भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला आठ-नऊ मीटरपर्यंत जातो. ओहोटी लागली की जहाजं चिखलात बसायची. यावर १७१५ मध्ये उपाय निघाला. दरवाजे असलेली बंदिस्त गोदी बांधली गेली. भरतीला जहाज आत घ्यायचं, दरवाजे लावायचे, बाहेर पाणी कितीही उतरो, आत माल चढवत-उतरवत राहायचं. व्यापारासाठी बांधलेली ही जगातली पहिली अशी गोदी.

या गोदीने शहर श्रीमंत केलं, पण कशाच्या जिवावर? अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनच्या गुलाम-व्यापारातली बहुतेक जहाजं लिव्हरपूलची होती. १८०७ मध्ये ब्रिटनने हा व्यापार बंद केला, पण अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामी चालूच राहिली. गुलामांनी वेचलेला कापूस लिव्हरपूलला उतरायचा आणि १८३० नंतर रेल्वेने मँचेस्टरकडे जायचा.

इथे आपली मुंबई गोष्टीत येते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. मग वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबईहून लिव्हरपूलला निघाला. भाव कडाडले, मुंबईत पैसा नुसता वाहू लागला. राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी दिलेली देणगी याच तेजीतली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि त्यांच्यासह मुंबईतले कितीतरी सावकार बुडाले.

ओहोटी

लिव्हरपूलची ओहोटी शंभर वर्षांनी आली. कंटेनर आला आणि शेकडो हातांचं काम मोजक्या क्रेन करू लागल्या. १९७२ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या जुन्या गोद्या बंद झाल्या. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात गेला. व्यापाराचं तोंड पूर्वेकडे वळलं, आणि लिव्हरपूल तर पश्चिम किनाऱ्यावर. १९३० च्या दशकात साडेआठ लाखांच्या आसपास असलेली वस्ती २००१ पर्यंत जवळपास निम्मी झाली.

टॉक्स्टेथमधला ग्रॅनबी हा भाग बंदरानेच घडवलेला. आफ्रिकी, कॅरिबियन, सोमाली, येमेनी अशा कितीतरी खलाशांची कुटुंबं इथे स्थिरावली होती. १९८१ च्या जुलैमध्ये बेकारी आणि कृष्णवर्णीय तरुणांवरची पोलिसांची अरेरावी यांतून इथे दंगल पेटली. त्यावेळचे अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी एक पर्याय सुचवला होता. या शहरावर पैसा ओतण्यापेक्षा त्याचा ऱ्हास पद्धतशीरपणे होऊ देण्याचा विचार करावा! ही कागदपत्रं तीस वर्षांनी उघड झाली. ग्रॅनबीच्या लोकांना मात्र त्यांची गरज नव्हती. ते तो ऱ्हास रोज बघत होते. पाडण्यासाठी म्हणून घरं रिकामी केली जात होती, खिडक्यांवर फळ्या ठोकल्या जात होत्या.

१९९३ मध्ये रहिवाशांनी संघटना काढली. एकामागून एक पाडकामाच्या योजना आल्या. अखेर जुन्या वस्तीतल्या चारच गल्ल्या उरल्या, त्यातलीही बहुतेक घरं रिकामी. मग काही शेजारणींनी सरळ झाडू हातात घेतला. कचरा उचलला, जुन्या कुंड्यांत रोपं लावली, फळ्या रंगवल्या, गल्लीत टेबलं मांडून बाजार भरवला. २०११ मध्ये सरकारी पुनर्विकास योजनेचा पैसा आटला, तेव्हा त्यांनी ‘कम्युनिटी लँड ट्रस्ट’ स्थापन केला आणि पुढे पालिकेकडून दहा घरं मिळवली. असेम्बल आलं ते त्यानंतर. दोन घरांचे मजले पार ढासळले होते. ते पुन्हा बांधण्याऐवजी आत बाग केली. ती २०१९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

कल्पनेचा प्रवास

लँड ट्रस्ट म्हणजे काय? जमीन ट्रस्टकडे, म्हणजे वस्तीकडे राहते. घर वापरायला मिळतं, पण ते हव्या त्या भावाला विकता येत नाही. ग्रॅनबीत विक्रीची किंमत परिसरातल्या लोकांच्या कमाईशी बांधलेली आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना जीपीएल लायसन्स आठवेल. कोड घ्या, वापरा, सुधारा, पण पुढच्याला तो त्याच अटींवर द्या.

या कल्पनेचं एक मूळ आपल्या ओळखीचं आहे. १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबा भावे यांची भूदान चळवळ सुरू झाली. पण एकेकट्याला दिलेली जमीन कर्जापायी पुन्हा सावकाराकडे जाऊ शकते, हा धोका होताच. ग्रामदानात त्यावर उत्तर होतं, मालकी गावाची आणि कसण्याचा हक्क कुटुंबाचा. यापासून प्रेरणा घेऊन १९६९ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ उभी राहिली. रॉबर्ट स्वान, स्लेटर किंग, चार्ल्स शेरॉड ही त्यामागची माणसं. हाच पहिला कम्युनिटी लँड ट्रस्ट मानला जातो. १९८५ मध्ये ती जमीन कर्जापायी गेली, पण कल्पना पसरत राहिली.

ज्या जॉर्जियातून गुलामांनी वेचलेला कापूस लिव्हरपूलला जात होता, तिथूनच शंभर-दीडशे वर्षांनी ही कल्पनाही तिथे पोहोचली.

दहा घरांनी लिव्हरपूल बदललं नाही, हे खरं. त्याच शहराने नदीकाठी एवढी मोठी बांधकामं काढली की २०२१ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा दर्जाच काढून घेतला. तिथेही गुंतवणूकदारांचा ओढा पाण्याकडे तोंड असलेल्या जमिनीकडेच आहे.

आपल्याकडे ‘पुनर्विकास’ म्हटलं की चर्चा एफएसआय, टॉवर आणि वाढीव चौरस फुटांची होते. गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं, ते लालबाग-परळमध्ये दिसतंच. सोसायट्या आता बिल्डरला वगळून स्वयंपुनर्विकास करू लागल्या आहेत, ही चांगलीच सुरुवात आहे. पण घर नवं झाल्यावर त्याची किंमत कोण ठरवणार आणि पुढच्या पिढीतल्या साध्या पगाराच्या माणसाला ते परवडणार का, हा प्रश्न त्यातही बाकी राहतो. ग्रॅनबीच्या शेजारणींनी त्याचं उत्तर आधी कागदावर पक्कं केलं आणि मग भिंतींना रंग दिला. त्या उत्तराची एक मुळी पवनारपर्यंत जाते. आपण ती कधी वापरणार?