रेवदंड्याची सुट्टी आणि एक राहिलेले उत्तर

बरेच दिवसांत इथे काही लिहिणे झाले नाही. यांच्या गुडघ्यामुळे घरातच अडकलो होतो. शेवटी लेकाने बजावले, "आई, चार दिवस समुद्रावर जाऊन नुसते बसा, काही बघू नका!" तर मंडळी, आम्ही गेलो रेवदंड्याला. अलिबागच्या पुढे जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर, पण अलिबागची गर्दी इथवर फारशी पोचत नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या, काळसर वाळू, घरगुती खानावळीत वालाचे बिरडे आणि सोलकढी. दुपारी झोप, संध्याकाळी पाण्यात पाय. आणखी काय हवे?

पण तीस वर्षे इतिहास शिकवलेली बाई नुसती बसेल कशी? त्यातून रेवदंडा गावच किल्ल्याच्या पोटात आहे. तटातून रस्ता आत येतो आणि वाड्यांमधून पोर्तुगीजांच्या पडक्या भिंती डोकावतात. सातखणी मनोऱ्याचे आता चारच मजले उरले आहेत. यांना खाली बाकावर बसवून मी त्याच्याकडे बघत उभी राहिले.

शेजारचे चौल हे फार जुने बंदर. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन 1469 च्या सुमारास इथे उतरला, वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षे आधी! विकायला एक घोडा घेऊन आला होता बिचारा. तो घोडा जुन्नरच्या सुभेदाराने काढून घेतला आणि मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. त्याच्यावरचा 1957 चा 'परदेसी' सिनेमा आमच्या पिढीतल्या काहींना आठवत असेल. पुढे 1508 मध्ये इथल्याच खाडीच्या तोंडाशी इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. बापाने पुढच्याच वर्षी दीवला सूड उगवला. मग पोर्तुगीज जे रेवदंड्यात ठाण मांडून बसले ते दोनशेहून अधिक वर्षे!

आता मूळ मुद्दा. वसईची मोहीम शिकवताना माझा आवाज आपोआप चढायचा. चिमाजी अप्पा, 1739, आणि 1740 मध्ये चौल-रेवदंडाही मराठ्यांकडे आले. (हे तहाने आले, हे मात्र मी घाईत सांगायची विसरे.) एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, मग तिथे राहणारे लोक कुठे गेले?" मी म्हटले, "गेले आपल्या देशात. बस खाली." पोर्शन संपवायचा होता ना!

तिसऱ्या दिवशी रिक्षा करून कुंडलिकेच्या पुलापलीकडे कोर्लईला गेलो. यांना गड चढणे शक्य नव्हते, म्हणून गावातच एका दुकानाशी लिंबू सरबत घेत बसलो. दुकानातल्या बाई आमच्याशी अस्सल इथल्या मराठीत बोलत होत्या. तेवढ्यात आतून मुलगा आला आणि दोघे भलत्याच भाषेत बोलू लागली. चाल मराठीसारखी, शब्द मात्र एकही कळेना! विचारले तर म्हणाल्या, "आमची भाषा. नौ लिंग." नौ लिंग म्हणजेच 'आपली भाषा'.

ही पोर्तुगीजपासून झालेली बोली. ज्यांना जमले ते 1740 नंतर गोव्याकडे गेले. राहिली ती इथलीच ख्रिस्ती झालेली कष्टकरी माणसे. राजा गेला, फौज गेली, भाषा मात्र घराघरांत राहिली. शेजार मराठीचा, म्हणून वाक्याची घडण मराठीसारखी झाली, क्रियापद शेवटी गेले. भाषेच्या अभ्यासकांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले आहेत. बोलणारे मात्र हजाराच्या आसपास. मी विचारले, "मुले बोलतात का?" बाई म्हणाल्या, "घरात बोलतात. शाळेत मराठी, पुढे मुंबईला गेली की काय ठाऊक."

परतताना रिक्षात मी गप्प होते. यांनी विचारलेही, "काय झाले?" काय सांगणार! तीस वर्षे मी किल्ले कोणी घेतले ते शिकवले. किल्ल्याच्या आत राहणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे एका बारा वर्षांच्या मुलीला सुचले आणि मी तिला खाली बसवले.

असो. ती मुलगी आता पन्नाशीला आली असेल. ती हे वाचण्याची शक्यता कमीच, पण माझ्या जुन्या विद्यार्थिनी इथे येतात म्हणून लिहिते. बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. ते कुठेही गेले नाहीत. ते इथेच आहेत, आणि अजून आपल्या भाषेत बोलतात.